कपाटातली यंत्रबाई

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळे वाकणं सध्या मनातल्या मनात चालू आहे, तरी पोचला असं समजावं.) तुझी तब्येत कशी आहे? खोकला गेला का? गळ्याला फडकं गुंडाळल्याशिवाय बाहेर पडत नाहीस ना? तुझ्या गळ्याची काळजी आपल्या घरात सगळ्यांनी मिळून इतकी घेतली आहे की अजूनही थंड पाण्याचा ग्लास दिसला की तो आधी तुझ्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावासा वाटतो. भावोजींची पाठ काय म्हणते? आमच्याकडे सगळं ठीक आहे. ह्यांना विचारलंस तर हे म्हणतील की काहीच ठीक नाही, पण ते भरपेट जेवून, आडवं पडून म्हणतील, तेव्हा तिकडे लक्ष देऊ नये.

फोन असताना ही पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. तर फोनवर मी बिट्टीचं नाव काढलं की तुला एकदम ऐकू येईनासं होतं. 'लाइन खराब आहे' म्हणतेस आणि ठेवून देतेस. (लाइन दर वेळी तुझ्याच बाजूने आणि नेमकी त्याच नावाला कशी खराब होते, हे फोनवाल्यांनाही सांगता यायचं नाही.) पत्राचं तसं नाही. तू ते रागाने टेबलावर टाकून चहा ठेवायला गेलीस तरी ते तिथेच उघडं पडून राहणार, आणि अर्धवट राहिलेली कोणतीही गोष्ट तुला बघवत नाही हे मी लहानपणापासून पाहते आहे. तेव्हा आधी चहा ठेवून ये, मग वाच. पत्र लांब आहे आणि ते सगळं तुझ्या मुलीबद्दल आहे.

म्हणजे थोडं माझ्याबद्दलही आहे. खरं तर बरंचसं माझ्याबद्दल आहे, कारण ताई, तुझी धाकटी बहीण सध्या प्रसिद्ध आहे. हसू नकोस.

तुमच्या भांडणात मी पडणार नाही. तू गाणं शिकवणारी बाई, पोरीला बोलता येण्याआधी सूर लावायला शिकवलंस, आणि ती मोठी होऊन बटणांच्या यंत्रांतून कुंईकुंई करायला लागली, हे तू एक वेळ गिळलंस. पण तिने तुझ्या पहाटेच्या रियाजाची टेप घेतली, तिचे बारीक तुकडे केले, ते यंत्रातून उलटेसुलटे फिरवले आणि पाहुण्यांसमोर मोठ्या कौतुकाने लावले. तुझाच आवाज पाण्याच्या टाकीतून आल्यासारखा खोलीभर फिरायला लागला. 'माझ्या गळ्याची भुकटी केलीस' असं म्हणून तू उठलीस, ती म्हणाली की आई, हा माझा नमस्कार आहे, आणि तू म्हणालीस की असला नमस्कार मेल्यावर कर. तेव्हापासून तू तिच्या दारात नाहीस आणि ती तुझ्या. मी तेव्हाही कोणाची बाजू घेतली नव्हती. (तेव्हा माझ्या तोंडात पाहुण्यांसाठी आणलेलं बिस्किट होतं.)

आता माझी हकिकत. आयुष्यभर मी बस स्थानकात घोषणा केल्या हे तुला माहीत आहेच, पण ते काम नक्की काय असतं हे तू कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगते. काचेची छोटी खोली, समोर मायक्रोफोन, बाजूला टेबलफॅन, जो बोलताना बंद करावा लागे कारण त्याचा आवाज माझ्यापेक्षा गोड होता. आमच्या जुन्या साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की बाई, आवाजात काहीही येऊ द्यायचं नाही. आनंद आला तर लोकांना वाटतं गाडी वेळेवर आहे, दुःख आलं तर वाटतं अपघात झाला, आणि राग आला तर तक्रारवही मागायला येतात. शब्द सारख्या अंतरावर ठेवायचे. वाक्याचं शेपूट वर नाही, खाली नाही. आणि प्रत्येक घोषणा दोनदा करायची, कारण पहिल्या वेळी लोक 'काय म्हणाली हो' असं एकमेकांना विचारत असतात. घोषणेआधी टिंग-टाँग अशी घंटा वाजायची ती एकदा बिघडली. मी दुरुस्तीसाठी अर्ज केला आणि तोवर काम अडायला नको म्हणून तोंडानेच टिंग-टाँग म्हणायला लागले. ती काही दुरुस्त झाली नाही. निवृत्तीपर्यंत घंटा मीच होते, आणि एकाही प्रवाशाला पत्ता लागला नाही.

ही सवय घरीही गेली नाही. लग्न नवीन असताना हे कामासाठी परगावी होते, तेव्हा मी मोठा धीर करून फोनवर 'तुमची आठवण येत आहे' असं म्हटलं, तर ह्यांनी 'किती वाजता?' असं विचारलं. आमच्या संसारातले सगळे नाजूक प्रसंग हे असे गेले आहेत.

मग स्थानकात नवे साहेब आले. त्यांनी मला बोलावून, खुर्ची देऊन, फार सभ्यपणे सांगितलं की बाई, तुमचा आवाज अगदी यंत्रासारखा आहे, प्रवाशांना आजकाल आपुलकी हवी असते. म्हणून त्यांनी माझ्या जागी यंत्र बसवलं. (हे वाक्य मी पुन्हा लिहीत नाही, तूच दोनदा वाच.) त्या यंत्रबाईचं बोलणं तू ऐकायला हवंस. गाडी रद्द झाली हे सांगताना तिचा गळा दाटून येतो. उशीर झाला तर अशी अजीजीने माफी मागते की म्हाताऱ्या प्रवाशांना वाटतं आपण उगाच घाई केली. मला निरोप दिला, हार घातला, चार शब्द बोलले. मी हसून घेतलं. पण ताई, ते मला फार लागलं होतं. ह्यांनाही बोलले नाही. घरी आले की नळ सोडून भांडी घासायची आणि भांड्यांना घोषणा ऐकवायच्या, असं बरेच दिवस चाललं होतं.

अशाच एका संध्याकाळी बिट्टी आली. स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली, उगाच डबे उघडून पाहिले (ही तुझी सवय), आणि म्हणाली, मावशी, एकदा म्हण ना, गाडी रद्द करण्यात आली आहे. मला वाटलं पोरगी माझी थट्टा करते आहे. म्हटलं, रद्द. दोनदा म्हटलं. तिने डोळे मिटले, आणि तुझं एखादं सुरेख गाणं ऐकताना तुझ्या शिष्या जशा मान हलवतात तशी मान हलवली. माझ्या आवाजावर आजवर कोणी मान हलवली नव्हती. लोक सामान उचलून पळायचे, तेवढीच दाद.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीवर गेले. एका लाँड्रीच्या मागे, अर्धी जमिनीखाली अशी ती खोली आहे. इस्त्रीच्या वाफेचा वास तिथवर येतो. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेत, आणि बाकी जिकडे पाहावं तिकडे वायरी. कपाटाएवढी जुनी वाजवायची यंत्रं, कोणी भंगारात काढलेली, हिने उचलून आणून जिवंत केलेली. एकाची एक पट्टी दाबली की वर येत नाही, तिला रबर लावला आहे. सगळ्या खोलीला जांभळा उजेड. आणि भिंतभर एक चित्र: खाली चौकड्यांची जमीन, वहीच्या कागदासारखी, ती लांब लांब जाते आणि तिच्या टोकाला अर्धा बुडालेला प्रचंड मोठा सूर्य, ज्याचे आडवे पट्टे कापून काढलेत. दोन्ही बाजूंना गुलाबी डोंगर आणि उडणाऱ्या मोटारी. हे चित्र ज्याने काढलं तो तिचा मित्र तिथेच रंग कालवत बसला होता. त्याला सगळे जांभळ्या म्हणतात. त्याला दुसरे रंग माहीत नाहीत असं नाही, पण तो त्यांच्याशी फारसं बोलत नाही.

मी विचारलं की हे कुठलं गाव? तर बिट्टी म्हणाली, मावशी, हे भविष्य आहे. पण येणारं नाही, तुम्ही लहान असताना तुम्हाला जे दाखवलं होतं ते. आणि ताई, मला एकदम आपलं ते मासिक आठवलं. पुढच्या काळात माणूस कसा राहील याची रंगीत चित्रं असलेलं. चंदेरी कपडे घातलेली बाई गच्चीवर नुसती उभी, तिच्या घरात यंत्र झाडतंय, यंत्र धुतंय, आणि जेवण म्हणून एक गोळी. आपण दोघींनी किती वाट पाहिली त्याची. तू म्हणायचीस, तेव्हा मी दिवसभर गाईन. मी म्हणायचे, मी नुसती गच्चीवर उभी राहीन. ते भविष्य काही आलं नाही, धुणं आपल्यालाच करावं लागलं, आणि त्याबद्दल कोणी आपली माफीसुद्धा मागितली नाही. या पोरांनी मात्र ते जपून ठेवलंय. त्याची चित्रं काढतात, त्याचं संगीत करतात, आणि ते ऐकताना मी, जन्मभर सूर न कळलेली बाई, घरी जायचं विसरले.

आता त्या भविष्याला आवाज हवा होता. जुन्या काळी लोकांना वाटायचं तसा यंत्राचा, सपाट, कोरडा, एकेक शब्द खिळ्यासारखा. बिट्टीने आजची सगळी बोलणारी यंत्रं तपासली. सगळी इतकी माणसाळलेली निघाली की एक तर मधेच श्वास घेत होतं. यंत्रासारखं बोलणारं यंत्र आता बाजारात मिळत नाही. मी तिला सांगितलं की अगं, माझ्या जुन्या घोषणांच्या टेपा स्थानकाच्या माळ्यावर असतील, त्या घे. तर ती नाही म्हणाली. तिने नियमच केला आहे. दुसऱ्या कोणाचाही आवाज टेपवरून घ्यायचा नाही, कापायचा नाही. माणसाने समोर येऊन हो म्हणायचं आणि तिथल्या तिथे बोलायचं. हा नियम तिने कधीपासून केला ते मी विचारलं नाही, कारण मला कळलं. तुलाही कळलं असेल. तुझं म्हणणं तिने ऐकलं, ताई. फक्त ते तुला सांगायला तिला जागा राहिली नव्हती.

मग आमच्या तालमी सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी घोटाळा. बिट्टी बोट वर करायची, मी वाक्य म्हणायचे, आणि संगीत पुढे गेलं तरी मी तेच वाक्य पुन्हा म्हणायचे. तिने समजावलं, रागावली, हात जोडले. मी एकदाच म्हणायला गेले की जीभ अडखळायची, काहीतरी चुकतंय, कोणाची तरी गाडी चुकणार असं वाटायचं. शेवटी तिने कंटाळून सगळं संगीतच दुप्पट केलं, प्रत्येक ओळीला दोन खेपा, आणि ते इतकं छान बसलं की जांभळ्याने ब्रश खाली ठेवला. दुसरा घोटाळा मी जाणूनबुजून केला. तिने मला 'चंद्राकडे जाणारी गाडी फलाटावर येत आहे' असं वाक्य दिलं होतं. मी म्हटलं, थांबे कुठे आहेत? थांब्यांशिवाय घोषणा होत नाही. मधल्या प्रवाशांनी काय करायचं? पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांनी इतकं मोठं भविष्य उभं केलं होतं, पण त्यात कोणी मधे उतरेल असा विचारच केला नव्हता. मग आम्ही तिघांनी बसून थांबे काढले: ढगनाका, धूमकेतू फाटा, जुनी वेधशाळा, चंद्र (पूर्व), चंद्र (पश्चिम). धूमकेतू फाट्याला गाडी विनंतीवरून थांबते. जांभळ्याने त्याचा मार्गफलक रंगवला आणि त्या चित्रापुढे लोक नंतर रांग लावून फोटो काढत होते.

कार्यक्रम एका जुन्या गोदामात होता. मी लोकांना दिसायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून जांभळ्याने माझ्यासाठी यंत्र बांधलं. म्हणजे कपड्यांचं जुनं कपाट घेऊन त्याला चंदेरी रंग दिला, पुढे लुकलुकणारे दिवे बसवले, आणि वर दोन मोठ्या टेपेच्या चकत्या, ज्या आतल्या पंख्याच्या मोटारीवर गोल फिरत. आत स्टुलावर मी, हातात मायक्रोफोन, मांडीवर पर्स. (पर्स बाहेर ठेवा म्हणाले. मी म्हटलं, यंत्राच्या आत पर्स आहे की नाही हे कोण बघणार आहे?) दाराला बारीक फट होती. तिच्यातून पाहिलं तर समोर खच्चून माणसं, निम्म्यांच्या डोळ्यांवर छपराखालीही काळे चष्मे. सगळ्यांत मागे हे, कानात कापूस घालून, घडीच्या खुर्चीवर, शब्दकोडं घेऊन.

सुरुवात झाली आणि मला पहिल्या पाच-दहा ओळींतच शिंक आली. आतला रंग ओला होता, त्याचा वास नाकात चढला. मी रोखली, रोखली, आणि ती अगदी ठोक्यावर बाहेर पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वेळी तोच ठोका आला तेव्हा सगळं गोदाम शिंकेची वाट पाहत थांबलं, आणि मला खोटी शिंक काढावी लागली. दोनदा, अर्थात.

मग व्हायचं ते झालं. बिट्टीची निम्मी यंत्रं आणि सगळे दिवे एका लॅपटॉपला बांधलेले होते आणि चंद्राच्या गाडीच्या ऐन भरात तो लॅपटॉप मेला. संगीत बंद. दिवे बंद. जांभळा उजेड गेला आणि त्या जागी गोदामाच्या दोन पिवळट ट्यूब लागल्या. एवढं मोठं भविष्य, क्षणात गोदाम झालं. फटीतून मला बिट्टी दिसत होती. ताई, तिचा चेहरा अगदी तसा झाला होता, जसा लहानपणी तुझ्या वर्गाच्या कार्यक्रमात ओळ विसरली तेव्हा झाला होता. तेव्हा तू बाजूने हळूच पुढचा सूर दिला होतास. इथे सूर द्यायला कोणी नव्हतं. लोकांत कुजबुज सुरू झाली, खुर्च्या सरकल्या, मागचे दोघे-तिघे उठले.

आणि मला ताई, काही सुचलं वगैरे नाही. सुचायला वेळच नव्हता. समोर खोळंबलेली माणसं, गाडी बंद, आणि माझ्या हातात मायक्रोफोन. (तो बॅटरीवर होता, त्याला लॅपटॉपच्या मरणाचं सुतक नव्हतं.) मी तोंडाने टिंग-टाँग केलं आणि घोषणा केली. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. भविष्याकडे जाणारी गाडी तांत्रिक कारणामुळे थांबविण्यात आली आहे. पर्यायी गाडीची व्यवस्था नाही. प्रवाशांनी जागा सोडू नये. टिंग-टाँग. मग पुन्हा सगळं, पहिल्यापासून.

उठलेले परत बसले. कोपऱ्यात एक गृहस्थ मुलीला सोडायला आले होते, बहुतेक जुने ड्रायव्हर असावेत, ते मात्र ताडकन उभे राहून खिशात किल्ली चाचपायला लागले. आणि मग एका टोकाला हशा पिकला, तो सगळीकडे पसरला, आणि त्याच्या टाळ्या झाल्या. लोकांना वाटलं हे ठरवलेलंच आहे. येणारं भविष्य येता येता बंद पडलं, आणि यंत्र ते शांतपणे सांगतंय, याहून खरं काय असणार? बिट्टीने वर पाहिलं. ती उठून त्या रबर लावलेल्या जुन्या यंत्राकडे गेली, त्याला लॅपटॉपची गरज नव्हती, आणि एका बोटाने वाजवायला लागली. मी घोषणा करायची, तिने वाजवायचं. मी थांबे वाचले, रद्द झालेल्या गाड्या वाचल्या, हरवलेल्या वस्तूंची खिडकी कुठे आहे ते सांगितलं, एका छत्रीच्या मालकाला बोलावलं. लोक उभे राहून नाचत होते. माझ्या घोषणेवर, ताई. ज्या घोषणांनी मी जन्मभर माणसं पळवली, त्यांच्यावर माणसं नाचली. ह्यांनी कानातला कापूस काढला आणि शब्दकोडं खिशात घातलं.

शेवटी बिट्टीने येऊन कपाटाचं दार उघडलं. मला सांगितलंच नव्हतं. मी पर्स सावरत, डोळे चोळत बाहेर आले, पाठीला सगळा चंदेरी रंग लागलेला, आणि तिने माझा हात धरून वर केला. मला टाळ्या कशा घ्यायच्या ते माहीत नाही. तू किती छान मान झुकवतेस. मी आपली उभी राहिले, मासिकातल्या गच्चीवरच्या बाईसारखी, नुसती. आणि रडले. आवाजात काही येऊ द्यायचं नाही हे शिकवलं होतं, डोळ्यांचं काही सांगितलं नव्हतं.

नंतर गळ्यात मोठे हेडफोन अडकवलेला एक दाढीवाला तरुण भेटायला आला. त्याने माझ्या अभिनयाचं कौतुक केलं. यंत्रातून साधी घरगुती बाई बाहेर काढायची ही कल्पना त्याला फार आवडली होती. पण आवाज कुठल्या जुन्या यंत्राचा वापरला ते हळूच सांगा म्हणाला, कारण तसलं यंत्र आता कोणाकडे उरलेलं नाही आणि माणसाच्या घशातून तो आवाज निघणं शक्यच नाही, हे त्याने मला बराच वेळ नीट समजावून सांगितलं. मी म्हटलं, यंत्र घरचंच आहे, जरा जुनं आहे, वाकताना त्रास देतं.

आता वाण्याच्या दुकानात लोक मला छत्री सापडली का विचारतात. स्थानकाच्या नव्या साहेबांचाही निरोप आला होता की प्रवाशांची जुन्या आवाजाला मागणी आहे, सवडीने येऊन जावं. मी कळवलं आहे की तांत्रिक कारणामुळे येणं रद्द करण्यात आलं आहे. हे वाक्य मी फोनवर म्हटलं आणि ह्यांनी पलीकडच्या खोलीतून टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझी घोषणा ह्यांना बरोबर कळली.

असो. फार लिहिलं. भावोजींना म्हणावं पाठीला शेक द्या. घरात तुझ्याहून थोर जे असतील त्यांना माझा नमस्कार, आणि तुझ्याहून थोर असं घरात कोणी तुला वाटत नसेल तर तो तूच ठेवून घे.

तुझी,
धाकटी

ता. क. : येत्या शनिवारी संध्याकाळी हाच कार्यक्रम ग्रंथालयाशेजारच्या मोठ्या सभागृहात आहे. सोबत पहिल्या रांगेची दोन तिकिटं ठेवली आहेत. भावोजींसाठी उशी आणून ठेवीन. बिट्टीला यातलं काही माहीत नाही.

ता. क. दुसरा : वरचं सगळं खरं आहे, पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. शेवटच्या गाण्याबद्दल मी मुद्दाम काही लिहिलं नाही. त्यात शेवटची गाडी सुटते. यंत्र विचारतं, कोणी प्रवासी असल्यास उत्तर द्यावे. मग संगीत थांबतं, एकच सूर मागे धरलेला राहतो, आणि बराच वेळ काहीच होत नाही. कोणी उत्तर देत नाही. दाढीवाल्याला ही शांतता फार अर्थपूर्ण वाटली. मी बिट्टीला विचारलं की इथे काय हवं आहे, तर म्हणाली, काही नाही मावशी, इथे कोणाचा आवाज बसत नाही. तो धरलेला सूर मला कळला नाही, पण ह्यांना कळला. ह्यांनी सांगितलं की ताईंचा सूर हाच, पहाटे ताई इथूनच सुरुवात करतात. ताई, तुझी ती टेप तिच्याकडे अजून आहे. खणात, मऊ फडक्यात गुंडाळलेली. एक बटण दाबलं असतं तर जागा भरली असती आणि कोणाला कळलंही नसतं. तिने दाबलं नाही. ती तू समोर येऊन हो म्हणायची वाट पाहते आहे. तू ये आणि गा. काय गायचं ते तू ठरव, तिने जागा भरपूर ठेवली आहे.

ता. क. तिसरा : तू येणार नसशील तर शनिवारी ती जागा मी गाऊन भरणार आहे. तुझ्याच सुरात, तुझी बहीण म्हणून, तुझं नाव घेऊन. सराव आज सकाळपासून सुरू केला आहे. हे शेजारी जाऊन बसले आहेत, आणि शेजारी त्यांच्या मुलीकडे गेले आहेत.